सगळ्यांत लांब चिठ्ठी

दुकानात शिरल्यावर उजव्या हाताला जे अरुंद कपाट आहे, ते माझं. बाकीचं दुकान गिऱ्हाइकांचं. त्यात परीक्षेची गाईडं आहेत, शब्दकोश आहेत, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आहेत, आणि श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं तर ढिगानं आहेत, जी वाचून आजवर एकही माणूस श्रीमंत होऊन माझ्याकडे परत आलेला नाही. पण ते कपाट माझं एकटीचं. त्यात फक्त मला आवडलेली पुस्तकं राहतात आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असते.

चिठ्ठीचे नियम मीच केलेत आणि मीच पाळते. पुस्तक दोनदा वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही. आणि ते का आवडलं हे सांगताना ते कुणी वाचू नये हेसुद्धा लिहायचं. ‘ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्यांनी शेवटचं प्रकरण सोडावं.’ ‘नुकतंच लग्न ठरलेल्यांनी हात लावू नये, लग्न झाल्यावर या.’ लोक उभ्या उभ्या चिठ्ठ्या वाचतात, आपापसांत हसतात, आणि ज्याला वाचू नये म्हटलंय तोच नेमका ते पुस्तक घेऊन जातो. माझा धंदा असा उलटा चालतो, पण चालतो.

तर या कपाटावरून माझ्या सख्ख्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं.

भाऊ धाकटा. पन्नाशी कधीच उलटली, डोक्यावर मोजून चार केस उरलेत, तरी घरात तो छोटूच. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात कारकून म्हणून लागला आणि साहेब होऊन निवृत्त झाला. निवृत्त झाला तो एकदम गप्पच झाला. सकाळी उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. भावजय म्हणायची, “ताई, हे घरात असतात पण घरात नसतात.” आई रोज फोन करायची, जेवलास का विचारायची, तो “हो” म्हणायचा आणि फोन ठेवायचा. आई माझ्याकडे राहते, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, त्यामुळे ते “हो” ऐकल्यावरचं तिचं तोंड मला रोज बघावं लागायचं. आम्ही सगळ्याच जणी घाबरलो होतो.

मग एक दिवस त्याने लिहायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. आणि माणूस पालटला हो! भावजय दुकानात नाचतच आली. म्हणाली, “आज चहात साखर कमी झाली म्हणून भांडले माझ्याशी!” इतक्या आनंदाने नवऱ्याच्या भांडणाची बातमी देणारी बायको मी दुसरी पाहिलेली नाही.

यथावकाश कादंबरी छापून आली. नाव सांगत नाही, नावातच तीन जोडाक्षरं आहेत, त्यावरून काय ते ओळखा. पहिली प्रत त्याने आईच्या हातात ठेवली, दुसरी माझ्या, आणि विकायला म्हणून एक गठ्ठा काउंटरखाली. “ताई, तुझ्या कपाटात ठेवशील?” असं विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता, कपाटाकडे बघत होता. मी म्हटलं, आधी वाचते.

वाचली. नदीकाठचं एक मोठं घराणं. पहिल्या प्रकरणात आजोबा जातात. दुसऱ्यात घोडा जातो. तिसऱ्यात पूर येतो आणि उरलेसुरले जातात. मग नायक शहरात येतो, पाणीखात्यात नोकरीला लागतो आणि शेवटी तोही जातो. दर दोन पानांनी कुणी ना कुणी खिडकीत उभं राहून क्षितिजाकडे बघतंय. मी लाल पेन्सिल घेऊन बसले होते, लहानपणी त्याचे निबंध मीच तपासायचे ना! पुरापर्यंत आले तोवर मी इतकी कावले होते की पुढची पानं भराभर उलटली आणि नायक मेल्यावर सुटकेचा श्वास सोडला.

रविवारी तो आला. दर रविवारी सकाळी यायचाच, दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं काउंटरवर चहा घ्यायचो.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“मेहनत खूप घेतलीस रे.”

“म्हणजे नाही आवडलं.”

“छोटू, खोटं सांगू का तुला?”

“नको.”

“मग नाही आवडलं.”

माझं हे असं आहे. तोंडात आलं की बाहेर पडलंच. तो कपात बघत राहिला. मग म्हणाला, “अख्खं गाव तुला विचारून पुस्तकं घेतं. तुला आवडलं नाही म्हणजे मला लिहिता येत नाही. बरं झालं, वेळेत कळलं.” आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. अर्धा चहा ठेवून तो उठला आणि गेला.

पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की भावजय उचलायची आणि “अंघोळ करतायत” म्हणायची. इतकी अंघोळ केली असती तर विरघळला असता माणूस. शेवटी तीच आली, काउंटरला टेकून उभी राहिली. लिहायचं टेबल त्याने माळ्यावर टाकलं होतं. दिवसभर टीव्ही लावून बसायचा आणि आवाज बंद ठेवायचा.

“पुन्हा तसेच झालेत, ताई. इस्त्रीचा शर्ट घालून बसतात.”

मला माझा भाऊ परत हवा होता, आणि त्याला परत आणायला माझ्या हातात एका खोट्या चिठ्ठीशिवाय काही नव्हतं.

आईला तर तेच हवं होतं. “एक चिठ्ठी लिहिलीस तर काय हात झिजणारे का तुझा?”

“आई, खोटी लिहिली तर बाकीच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवील?”

“घाल त्या चिठ्ठ्या चुलीत! भाऊ मोठा की चिठ्ठ्या मोठ्या?”

“आणि त्याला कळणार नाही? पुस्तकाबद्दल मी खोटं बोलले तर जगात सगळ्यांत आधी त्याला कळतं. तोंडदेखलं लिहिलंय हे कळलं की तो कायमचा मिटेल. मग बस आयुष्यभर त्याचं ‘हो’ ऐकत.”

आई गप्प बसली. आई गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय. पण मला ते समजायला हवं होतं तेव्हा माझी पाठ धरली. खालच्या फळीवरचे शब्दकोश उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. डॉक्टरांनी आडवं पडायला सांगितलं. आई म्हणाली, “तू पड. मी बसते दुकानात.” ऐंशी ओलांडलेली बाई, पण गल्ल्यावर बसली की तिच्यापुढे कुणाची टाप नाही. डोळे मात्र अधू झालेत. पुस्तकाच्या पाठीवरची मोठी अक्षरं दिसतात, बारीक काही दिसत नाही. मी निमूटपणे पडून राहिले आणि छताकडे बघत छोटूचा विचार करत राहिले.

पाठ जरा सरळ झाल्यावर मी खाली उतरले, त्याच सकाळी बँकेतले मॅनेजरसाहेब तणतणत आत आले. हे छोटूच्याच इमारतीत राहतात. त्यांची बायको पाय मोडून घरी पडली होती.

“बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!” त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं. बघते तर माझ्या भावाची कादंबरी. “बायकोला जरा हसवावं म्हणून नेलं. पहिल्या प्रकरणात आजोबा गेले. म्हटलं, असेल, पुढे येईल विनोद. तर दुसऱ्यात घोडा गेला! रडून रडून तिने उशी भिजवली. वर मला म्हणते, तुम्ही हे मुद्दाम आणलंत!”

“पण तुम्हाला विनोदी आहे म्हणून सांगितलं कुणी?”

“तुम्ही! तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय की!”

मी वळून कपाटाकडे बघितलं. मधल्या फळीवर, अगदी डोळ्यांसमोर, छोटूची कादंबरी उभी. आणि तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी माझ्याच हस्ताक्षरातली. पण ती चिठ्ठी होती दुसऱ्याच पुस्तकाची. बोटीवरच्या एका आचाऱ्याला स्वयंपाकच येत नसतो, त्याची धमाल गोष्ट आहे, तिची. मी लिहिलं होतं: ‘हे पुस्तक प्रवासात वाचू नका. माणूस एकटाच खिदळायला लागला की शेजारचे उठून दुसरीकडे जाऊन बसतात. जेवताना तर मुळीच नको, ठसका लागतो. घरात कुणी झोपलं असेल तर उशीत तोंड खुपसून वाचा. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त हसले. ज्यांना दुःखाची हौस आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.’

मी मॅनेजरसाहेबांना बोटीवरचा आचारी दिला, हात जोडले आणि रवाना केलं. मग जिन्यातूनच ओरडले, “आई!”

आई खाली आली. चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही.

“चिठ्ठी तू बदललीस?”

“बदलली.”

“का?”

“तू लिहीत नव्हतीस म्हणून. सगळ्यांत लांब चिठ्ठी शोधली. म्हटलं, लांब म्हणजे कौतुक जास्त असणार.”

“वाचलीस तरी का?”

“तुझं अक्षर आहे का वाचण्यासारखं? मुंग्यांची रांग नुसती. आणि मी चोरी केल्यासारखी काय बघतेस माझ्याकडे? आपल्याच दुकानातली चिठ्ठी आपल्याच पोराच्या पुस्तकाला लावली. खपली की नाही पुस्तकं?”

खपली होती. तेच तर भयंकर होतं. माणसं मरतात ती कादंबरी गावात विनोदी म्हणून घरोघर गेली होती. मी कपाळावर हात मारला आणि चिठ्ठी सोडवायला गेले, तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती. आवाज दबलेला.

“ताई, काल जिन्यात ते मॅनेजर यांना भेटले. म्हणाले, तुम्ही फार विनोदी लिहिता म्हणे, तुमच्या बहिणीने चिठ्ठीच लावलीय. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. म्हणतात, नाही आवडलं इथवर ठीक होतं, पण ताईने माझी गावभर टर उडवली.”

मी म्हटलं, “मी येते,” पण फोन ठेवून काउंटरशीच बसले. जाऊन सांगणार काय? टर मी उडवली नाही, आईने उडवली, तीही चुकून? माझं मत तर तेच होतं. मी पुन्हा तेच मत घेऊन त्याच्या दारात उभी राहणार होते. मला माझाच संताप आला. इतकी वर्षं लोकांना पुस्तकं सांगते, आणि माझ्या भावाला सांगण्यासारखं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात लिफ्टवाला आला. इमारतींतल्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो, हातात नेहमी ग्रीस, म्हणून पुस्तक घेताना आधी रुमालाने बोटं पुसतो. जुनं गिऱ्हाईक.

“बाई, याच लेखकाचं दुसरं आहे का काही?” त्याने छोटूच्या कादंबरीकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, हाही भांडायला आलाय. “हे बघा, चिठ्ठीची चूक झालीय, तुम्हाला दुसरं देते.”

“चूक कसली? बरोबर लिहिलंत की तुम्ही! प्रवासात वाचू नका म्हणालात, मी कामावर वाचलं. लिफ्टच्या टपावर बसलो होतो, सुटा भाग यायची वाट बघत. खाली लिफ्टमध्ये एक बाई अडकलेल्या. आणि ती व्हॉल्व्हच्या बैठकीची भानगड आली. मला हसू आवरेना! त्या बाई खालून ओरडायला लागल्या, मी इथे अडकलेय आणि तुम्ही हसताय काय! मग त्यांना शांत करायला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. लिफ्ट सुरू झाली तरी त्या बाहेर पडेनात, म्हणे शेवट सांगा.”

“पण सुरुवातीला ते आजोबा… तो घोडा…”

“कोणता घोडा? मी कुठलंही पुस्तक मधूनच उघडतो हो. सुरुवातीला सगळे लेखक भाव खातात. बरं, दुसरं नसेल तर आल्यावर सांगा.”

तो गेला. मी दुकानाचं दार लोटलं, ऐन गिऱ्हाइकांची वेळ असताना, आणि कादंबरी मधूनच उघडली. जी पानं मी भराभर उलटली होती, ती.

देवा! शहरातली मोठी जलवाहिनी फुटलेली असते, एक व्हॉल्व्ह बंद केला की पाणी थांबणार असतं, आणि तो व्हॉल्व्ह कुठे आहे ते खात्यात कुणालाच माहीत नसतं. म्हणून बैठक बोलावतात. एका फायलीत लिहिलेलं असतं, ‘व्हॉल्व्हच्या जागेसाठी दुसरी फाईल पाहावी.’ दुसरीत लिहिलेलं असतं, ‘पहिल्या फायलीत नमूद केल्याप्रमाणे.’ समिती नेमतात. चहा येतो. बैठकीच्या खोलीची फरशी ओली व्हायला लागते, तर ‘फरशी ओली असल्याची नोंद घेण्यात आली’ असं इतिवृत्तात लिहून घेतात आणि पाय वर घेऊन चर्चा चालू ठेवतात. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर बैठक वरच्या मजल्यावर हलवतात. व्हॉल्व्ह त्याच खोलीत असतो, साहेबांच्या खुर्चीखाली. आणि हे सगळं छोटूने चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता लिहिलेलं. क्षितिज नाही, खिडकी नाही. साधं, सरळ.

मी इतकी हसले की पाठीतून कळ आली आणि तरी थांबता येईना. आणि हसता हसता रडायलाच लागले. कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी छोटू मास्तरांच्या नकला करायचा, शेजाऱ्यांच्या करायचा, तोंड अगदी कोरं ठेवून, आणि आम्ही लोळायचो. वडील ओरडायचे, “जरा गंभीर हो!” बिचारा झाला गंभीर. तो मुलगा या पानांत सापडला होता आणि मी लाल पेन्सिल हातात धरून त्याच्या शेजारून निघून गेले होते.

पाणीखात्याचा सगळा भाग दोनदा वाचला, मग पुन्हा मागे गेले आणि सुरुवातही दुसऱ्यांदा वाचली. सुरुवात दुसऱ्यांदाही कंटाळवाणीच होती. तेही लिहायला हवं होतं. मी चिठ्ठी लिहिली, आईला रिक्षात घातलं, आणि आम्ही दोघी छोटूच्या घरी गेलो.

दार भावजयीने उघडलं. आतल्या खोलीत टीव्हीवर माणसं तोंडं हलवत होती, आवाज नव्हता. छोटू आम्हाला बघून उठून बसला, शर्ट नीट केला, पण माझ्याकडे बघेना.

“हसून झालं का गावाचं?” तो म्हणाला.

“ती चिठ्ठी मी लावली,” आईने खुर्ची ओढत सांगितलं. “हिचा काही दोष नाही. मला वाटलं कौतुक आहे. आता मला ओरडायचं असेल तर ओरड, पण आधी पाणी दे.”

पाणी आलं. आईला कोण ओरडणार?

“मी दुसरी आणलीय,” मी म्हटलं. “तुझ्या पुस्तकाचीच. वाचते, मग तू म्हणशील तर फाडून टाकीन.” आणि चष्मा लावून वाचायला लागले.

“‘या पुस्तकाचा लेखक माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. सुरुवातीची नदी मला लांबली आणि घोडा फुकट मेला.’”

“घोडा फुकट मेला?” छोटू ताडकन उठला. “अगं, ते प्रतीक आहे!”

“असेल. पुढे ऐक. ‘पण मधला पाणीखात्याचा भाग मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझं कामात लक्ष लागेना. ज्यांना आयुष्यात कधीही कुठल्याही कार्यालयात उद्या या म्हणून सांगितलंय, त्या सगळ्यांनी हे वाचावं. साहेब लोकांनी वाचू नये, आणि वाचलंच तर खुर्चीखाली एकदा बघून घ्यावं. हा लेखक आता पुढे काय लिहितो याची मी वाट बघतेय.’”

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. नाक फुगलेलं होतं. “म्हणजे तुम्हाला हसायला येतं. मी तिथे इतकं मन लावून लिहिलं आणि तुम्हाला हसायला येतं.”

“ऐकायचंय कसं येतं ते?”

मी पुस्तक उघडलं आणि व्हॉल्व्हची बैठक मोठ्याने वाचायला घेतली. त्याच्यासारखंच, कोऱ्या तोंडाने. दोन फायलींपाशी भावजयीने ओठ दाबले. समितीपाशी पदर तोंडाला लावला. आई एकदम गंभीर होऊन ऐकत होती, आणि फरशी ओली असल्याची नोंद घेण्यात आली तेव्हा तिने मधेच विचारलं, “मग पुसली की नाही कुणी?”

भावजय फुटली. इतकी हसली की दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

“त्यात हसण्यासारखं काय आहे?” छोटू म्हणाला. “अगदी असंच झालं होतं. आणि आई, पुसायला बोलावला होता एकाला. तो बिचारा पुसतोय, पुसतोय, शेवटी म्हणाला, साहेब, मी पुसतोय पण पाणी संपत नाही. तर साहेब त्याला म्हणाले, लेखी द्या.”

मग आईला ते कळलं आणि तिचं बोळकं उघडलं ते मिटेना. मी पाठ धरून हसत होते. आणि छोटूच्या ओठाचा एक कोपरा हलायला लागला. त्याने तो दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तो हसला. खोकला येईपर्यंत हसला.

“हे पुस्तकात का नाही मग?” मी विचारलं.

“ते जरा हलकं वाटलं. कादंबरी म्हटली की दुःख नको का?” त्याने डोळे पुसले. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. “ताई, मला वाटायचं, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. सगळी वर्षं फायलीत गेली. लोक विचारायचे, काय केलंत आयुष्यात? मी काय सांगणार, पाणी सोडलं, पाणी बंद केलं? म्हणून मग नदी घातली, घराणं घातलं, घोडा घातला.”

“आणि घोड्याला तर तू लहानपणापासून घाबरतोस,” आई म्हणाली.

“घाबरतो,” तो म्हणाला. “म्हणजे ती वर्षं अगदीच वाया नाही गेली म्हणतेस?”

मला प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. गिऱ्हाइकाला असतं, प्रकाशकाला असतं, आईला तर दोन असतात. छोटूला मी ते हाताने दिलं. पिशवीतून दोरा काढला आणि चिठ्ठी त्याच्या पुस्तकाला बांधली.

भावजय जमिनीवरून उठली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

“इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तुम्हाला विचारायचे, आज काय झालं ऑफिसात? आणि तुम्ही रोज म्हणायचात, काही नाही.”

“काही नाहीच वाटायचं गं तेव्हा.”

“मग आता सांगा.”

“काय सांगू?”

“सगळं सांगा. पहिल्या दिवसापासून.”

छोटूने आमच्याकडे बघितलं, चेष्टा करतोय की काय हे तपासल्यासारखं. कुणी हसत नव्हतं. मग त्याने शर्टाची बटणं सोडली, बाह्या वर दुमडल्या, मांडी घालून बसला आणि सुरू झाला. पहिल्या दिवशी त्याला बसायला खुर्चीच नव्हती, म्हणून तो उभा होता, आणि उभा दिसला म्हणून सगळे त्याला तक्रार घेऊन आलेला माणूस समजले आणि दुपारपर्यंत उद्या या, उद्या या म्हणत राहिले. भावजय तोंडाकडे बघत होती त्याच्या. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो भराभर बोलायला लागला, एकातून दुसरं निघायला लागलं, हात हलायला लागले.

आईने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हळू सांग रे,” ती म्हणाली, “मला सगळं ऐकायचंय.”